एका शब्दाचे ठिगळ

गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यातल्या उच्च माध्यमिक विद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेतून अकरावीच्या मुलांचे दोन आठवड्यांचे काम नाहीसे झाले, ते कुठल्या व्हायरसमुळे किंवा पावसाळ्यातल्या विजेच्या लपंडावामुळे नव्हे, तर एका माहितीपानावरच्या ‘दिवस’ या शब्दामुळे. प्रयोगशाळेतली यंत्रे जुनी आहेत आणि त्यांच्यावर लिनक्स ही संगणक-प्रणाली चालते. मुलांच्या फायली कोपऱ्यातल्या सर्व्हरवर राहतात, आणि त्या फायलींची दर तासाला एक प्रत काढून ठेवणारा एक छोटा ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा मूळ मजकूर (सोर्स कोड) कोणालाही वाचता-सुधारता येतो असा, प्रोग्राम मी हौसेने बसवला होता. त्या प्रोग्रामला एक आकडा द्यावा लागे, आणि तो आकडा म्हणजे किती दिवसांच्या प्रती ठेवायच्या ते, असे माहितीपानावर स्वच्छ लिहिलेले होते. मी १५ लिहिले आणि निर्धास्त झालो. एका शनिवारी दुपारी डिस्कवर जागा करताना माझ्याच हातून मुलांचे फोल्डर पुसले गेले. सोमवारी सकाळी ते लक्षात आले तेव्हा मी फारसा घाबरलोही नाही, कारण पंधरा दिवसांच्या प्रती आपल्यापाशी आहेत असा माझा समज होता. प्रती पंधराच होत्या. पण त्या पंधरा दिवसांच्या नव्हत्या, पंधरा तासांच्या होत्या, आणि रविवार संध्याकाळपासूनच्या त्या सगळ्याच्या सगळ्या प्रती रिकाम्या फोल्डरच्या अगदी बिनचूक प्रती होत्या.

मुलांनी मला काही म्हटले नाही, आणि तेच जास्त लागले. तीन रात्री जागून मी त्या प्रोग्रामचा सोर्स कोड चाळला, तेव्हा उलगडा झाला. तो आकडा पूर्वी खरोखरच दिवसांचा होता. मधल्या एका आवृत्तीत तो प्रतींच्या संख्येचा झाला, आणि माहितीपानावरचे वाक्य मात्र जागचे हलले नाही. आपल्यापुरता उपाय सोपा होता. पंधराला चोवीसने गुणले, सेटिंगमध्ये ३६० लिहिले, आणि मोकळा झालो.

खरे तर गोष्ट इथेच संपायची. जगातल्या बहुतेक माहितीपानांवरच्या चुका अशाच टिकून राहतात, कारण ज्याला त्या नडतात तो आपल्यापुरता मार्ग काढतो आणि पुढे जातो. पण आठवडाभराने दुसऱ्याच काही कामासाठी मी ते पान पुन्हा उघडले, आणि ज्या वाक्याने मला वर्गासमोर मान खाली घालायला लावली होती, ते वाक्य वाचून मला काहीच खटकले नाही. डोळ्यांनी ‘दिवस’ वाचले, मनाने त्याच्या जागी ‘प्रती’ ठेवले, आणि नजर पुढच्या ओळीवर गेली. मी थबकलो ते अर्ध्या मिनिटाने. अवघ्या आठवड्यात मी जाणकार झालो होतो, आणि जाणकाराला ती चूक दिसत नव्हती. माहितीपानावरची चूक अजाण माणसालाच दिसते, आणि त्यालाही ती थोडाच वेळ दिसते, हे मला त्या अर्ध्या मिनिटात कळले. मग मी उठलो, चहा केला आणि माझा पहिला पॅच लिहायला बसलो.

पॅच म्हणजे ठिगळ. हा शब्द उपमेने आलेला नाही, तो अगदी शब्दशः आहे. प्रोग्राम जेव्हा कागदी फितीवर किंवा कार्डांवर छिद्रे पाडून लिहीत, तेव्हा चुकलेली छिद्रे कागद चिकटवून बुजवावी लागत, आणि फितीचा चुकलेला तुकडा कापून तिथे दुसरा जोडावा लागे. आज पॅच म्हणजे एक साधी मजकुराची फाईल असते. तिच्यात जी ओळ काढायची तिच्यापुढे वजाचे चिन्ह असते, जी घालायची तिच्यापुढे अधिकाचे, आणि बदलाच्या वर-खाली न बदललेल्या सहसा तीन-तीन ओळी ठेवलेल्या असतात. दोन फायलींतला फरक काढणारा ‘डिफ’ हा प्रोग्राम १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेत तयार झाला. तो फरक घेऊन दुसऱ्याच्या फायलीवर आपोआप चढवणारा ‘पॅच’ हा प्रोग्राम लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिला.

त्या वर-खालच्या तीन-तीन ओळींचे मला फार अप्रूप वाटते. पॅचमध्ये ओळीचा क्रमांक असतोच, पण मधल्या काळात मूळ फायलीत कोणी चार ओळी वाढवल्या तर क्रमांक चुकतो. अशा वेळी प्रोग्राम शेजारच्या ओळी शोधत जातो आणि त्या सापडल्या की तिथे ठिगळ लावतो. आमच्या गावात पत्ता असाच सांगतात. घराला पंचायतीने दिलेला क्रमांक असतो, तो घरपट्टीच्या पावतीवर असतो, आणि घरमालकालाही तो पाठ नसतो. तळीकडून वर या, पिंपळाच्या पाराला वळसा घाला, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, घरापलीकडचे तिसरे, असे सांगितले की माणूस बरोबर दारात येतो. शेजारच्यापैकी एखादे घर पाडलेले असले तरी अदमासाने येतो, आणि सगळीच ओळख पुसली गेली असेल तर मुकाट्याने परत जातो. पॅचही अशा वेळी बळजबरी करत नाही. न बसलेला तुकडा तो वेगळ्या फायलीत काढून ठेवतो आणि तसे सांगतो.

माझा पहिला पॅच मात्र शेजारी असूनही घर चुकला. ज्या ई-मेल प्रोग्राममधून मी तो पाठवला, त्याने लांब ओळी आपल्या मनाने मोडल्या, ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा गिळल्या, आणि वर सगळ्याला सुबक अक्षरांचा साज चढवला. पॅचच्या दृष्टीने मोकळी जागा हेदेखील अक्षरच असते, हे मला ठाऊक नव्हते. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, माहितीपानांत कोणत्या ई-मेल प्रोग्राममध्ये काय बंद करावे, म्हणजे पॅचची नासाडी होणार नाही, यासाठी एक स्वतंत्र पान आहे, ते मी नंतर वाचले. आपल्यासारखे बरेच जण या खड्ड्यात पडून गेले आहेत हे पाहून थोडे बरेही वाटले. दुसरी गंमत अशी की पॅचवर कर्ता म्हणून माझे नावच नव्हते. प्रयोगशाळेतल्या ज्या यंत्रावर मी बसलो होतो, त्यावर बारावीच्या एका मुलाने प्रकल्पासाठी गिटमध्ये, म्हणजे कोणता बदल कोणी आणि कधी केला याची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, आपले नाव घालून ठेवले होते, त्यामुळे पॅच त्याच्या नावाने गेला आणि खाली पत्र माझ्या नावाचे. प्रती काढणाऱ्या त्या प्रोग्रामचा प्रकल्प सांभाळणाऱ्या गृहस्थांनी, म्हणजे या व्यवहारात ज्याला मेन्टेनर म्हणतात त्यांनी, अतिशय सभ्यपणे विचारले की आपण दोघे आहात की एकच.

त्यांनी दुसराही एक प्रश्न विचारला होता, आणि तो या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा प्रश्न ठरला: हे वाक्य कधीपासून चूक आहे?

मला वाटले होते की शब्द चुकला आहे, तो बदलायचा. यात कधीपासूनचा काय संबंध? पण संबंध होता. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यासाठी ‘दिवस’ हाच शब्द बरोबर होता, आणि मी तो नुसता बदलला असता तर माझ्यासारखाच दुसरा कोणी उलट दिशेने फसला असता. तेव्हा ती आवृत्ती शोधणे भाग होते. गिटमध्ये एखादा शब्द इतिहासात कुठे आला आणि कुठे गेला हे खणून काढण्याची सोय आहे आणि तिला कुदळच म्हणतात. खाणींच्या तालुक्यात राहणाऱ्या माणसाला हे नाव आवडले नाही तरच नवल. कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते सांगणारी आज्ञा वेगळी, तिचे नाव ‘ब्लेम’. दोष कोणाचा हे शोधायला मी निघालो होतो, आणि ब्लेमने दाखवले की ते वाक्य ज्याने लिहिले त्याने लिहिले तेव्हा ते पूर्णपणे खरे होते. पुढे चार वर्षांनी प्रोग्रामची वागणूक बदलणारा बदल झाला, त्या बदलात एकंदर सात फायलींना हात लागला होता, आणि त्या सातांत माहितीपानाची फाईल नव्हती. बदल करणारे तेच गृहस्थ होते, ज्यांच्याशी माझा पत्रव्यवहार चालला होता. मी तसे लिहिले नाही. त्यांनीच उत्तरात लिहिले की तो मी.

माहितीपाने सुधारणारा माणूस म्हणजे लिहिणारा माणूस असा माझा समज होता. प्रत्यक्षात एक शब्द लिहिण्यासाठी मी दोन दिवस वाचत होतो, आणि जे वाचत होतो ते गद्य नव्हते, कोड होता. ‘बरोबर काय आहे’ हे माहितीपान सांगत नाही, कोड सांगतो, आणि तोही जे करतो तेवढेच सांगतो, जे करायला हवे होते ते सांगत नाही. एखाद्या ठिकाणी कोड आणि माहितीपान यांचे पटत नाही असे दिसले, की चूक कोणत्या बाजूची हे ठरवण्याचा अधिकार नवख्याला नसतो; त्याने फक्त पटत नाही एवढे दाखवावे आणि विचारावे. माझ्या दुसऱ्या एका पॅचला उत्तर आले होते की माहितीपान बरोबर आहे, कोडच चुकला आहे, आणि त्यांनी माझा पॅच बाजूला ठेवून कोड सुधारला. माझा एकही शब्द कुठे लागला नाही, आणि तरी मला तो पॅच वाया गेला असे वाटत नाही.

बदल एका शब्दाचा असला तरी त्याच्याबरोबर जी टीप लिहावी लागते ती एका शब्दाची नसते. पहिली ओळ आटोपशीर हवी, साधारण ५० अक्षरांच्या आतबाहेर, मग एक ओळ मोकळी, मग कारण. कर्नलच्या मंडळींचा आणि गिटच्याही मंडळींचा दंडक असा की पहिली ओळ आज्ञार्थात लिहावी, जणू आपण त्या कोडलाच बदलण्याची आज्ञा देत आहोत. मी पहिल्या खेपेला ‘मी हा शब्द बदलला आहे’ अशा अर्थाचे लिहिले होते. दुसऱ्या खेपेला ‘आकड्याचा अर्थ दिवस नव्हे, प्रती, असा दुरुस्त करा’ असे लिहिले, आणि खाली कोणत्या आवृत्तीपासून, कोणत्या बदलामुळे, आणि न बदलल्यास काय होते ते लिहिले. या शेवटच्या मुद्द्यापाशी मी बराच वेळ अडलो. अकरावीच्या मुलांचे दोन आठवड्यांचे काम गेले हे लिहावे की नाही? ते तक्रारीसारखे वाटेल असे वाटून मी ते खोडले, नंतर पुन्हा लिहिले. मेन्टेनरने ते वाक्य ठेवले. पुढे कोणाला हा शब्द पुन्हा बदलावासा वाटला तर त्याला ते दिसेल, असे त्यांचे म्हणणे होते.

माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, इंग्रजी मला पुस्तकातून आले, आणि अशा माणसाने इंग्रजी माहितीपानावरचे इंग्रजी सुधारायला निघणे हे मला स्वतःलाच आगाऊपणाचे वाटत होते. अनुभव उलट आला. ज्याची ती आईची भाषा आहे त्याला जे वाक्य गुळगुळीत वाटते, ते मला शब्दाशब्दाने लावावे लागते, आणि लावताना त्यातली भेग दिसते. इंग्रजीत ‘मे नॉट’ म्हणजे ‘कदाचित होणार नाही’ की ‘करायला परवानगी नाही’? संदर्भाने कळते असे म्हणतात; पण माहितीपान वाचणाऱ्यापाशी जे नसते ते संदर्भच असते. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांना हा घोळ इतका नडला की १९९७ मध्ये आरएफसी २११९ हा लहानसा दस्तऐवज निघाला. त्यात ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ या शब्दांचा अर्थ नेमका काय धरायचा एवढेच ठरवून दिले आहे. आपल्याकडे ‘करावे’ आणि ‘करावे लागेल’ यांतला फरक शासकीय परिपत्रकांनी पार पुसून टाकला आहे, त्यामुळे मला त्या दस्तऐवजाविषयी विशेष आदर वाटतो.

आणखी एक शब्द मी जिथे दिसेल तिथे काढत असतो, तो म्हणजे ‘सिंपली’, किंवा त्याचा धाकटा भाऊ ‘जस्ट’. ‘फक्त ही आज्ञा चालवा.’ ज्याची ती आज्ञा चालते त्याला ‘फक्त’ची गरज नसते, आणि ज्याची चालत नाही त्याला तो शब्द खिजवल्यासारखा लागतो. हे मला सुचले तेव्हा लाज वाटून मी आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा, माझ्याच हस्ताक्षरातला सूचनांचा तक्ता उतरवला. त्यात चार ठिकाणी ‘फक्त’ होते. तक्ता मी तीनदा वाचला, चारही ‘फक्त’ काढले, नव्याने लिहून काढला आणि समाधानाने पुन्हा भिंतीवर चिकटवला. या तक्त्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

‘दिवस’चा पॅच दुसऱ्या खेपेलाही लागला नाही. मी त्याच परिच्छेदातला एक चुकलेला स्वल्पविराम जाताजाता सुधारला होता, आणि तो काढून वेगळा पाठवा असे मला सांगण्यात आले. स्वल्पविरामाला कोणाचा कसला आक्षेप असणार, असे मला वाटले. कारण भाषांतराचे होते. त्या प्रकल्पाची माहितीपाने पाच-सहा भाषांत जातात. ‘गेटटेक्स्ट’ या भाषांतराच्या साधनाच्या पद्धतीत मूळ परिच्छेद आणि त्याचे भाषांतर यांची जोडी असते, आणि मूळ परिच्छेदात एक अक्षर जरी बदलले तरी त्या जोडीवर ‘फझी’ म्हणजे संशयित असा शिक्का पडतो. भाषांतरकार ती जोडी पाहून शिक्का काढेपर्यंत वाचकाला तिथे इंग्रजीच दिसते. म्हणजे माझ्या एका स्वल्पविरामासाठी निरनिराळ्या देशांतल्या पाच-सहा माणसांना आपापल्या संध्याकाळची दहा मिनिटे द्यावी लागणार होती. अर्थ बदलणाऱ्या दुरुस्तीसाठी ती घेण्याचा हक्क आहे, कारण चुकीच्या भाषांतरापेक्षा बरोबर इंग्रजी बरे. स्वल्पविरामासाठी घ्यायची तर वर्षातून एकदा सगळे स्वल्पविराम एकत्र करून घ्यावी. मी स्वल्पविराम काढला.

तिसरी खेप लागली ती चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी. मी शिडीवर होतो, माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, आंबाड्यांचा घड बांधत होतो, आणि खाली ठेवलेला फोन वाजला. दोन ओळींचे पत्र होते: लावला आहे, धन्यवाद. मी ते आईला वाचून दाखवले. तिने विचारले की एक शब्द बदलायला तुला दीड महिना लागला का, आणि सुतळी वर दिली.

पॅचच्या तळाशी आपल्या नावाने एक ओळ लिहावी लागते, ‘साइन्ड-ऑफ-बाय’. हे काम देण्याचा मला अधिकार आहे, ही माझी मालमत्ता आहे किंवा मला ती तशी देता येते, अशी ती कबुली असते. कर्नलमध्ये ही प्रथा २००४ मध्ये सुरू झाली, कोड कोणाचा यावरून कोर्टकज्जे चालले होते त्या काळात. ती ओळ लिहिताना मला आडनावाचे स्पेलिंग ठरवावे लागले. आजोबांच्या पोर्तुगीज अमदानीतल्या कागदांवर ‘नाईक’ शेवटी क्यू-यू-ई लावून लिहिलेले आहे, वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या पुस्तकात के आहे. मी के लिहिले, कारण बँक तेच ओळखते. पण थोडे चुकल्यासारखे वाटले खरे.

नावांचा विषय निघाला की मला आपल्याकडचेच एक जुने मुखपृष्ठ आठवते. फादर थॉमस स्टीफन्स यांना मराठी वाचक १६१६ च्या ख्रिस्तपुराणामुळे ओळखतो. त्यांनी इथल्या लोकभाषेचे, म्हणजे आजच्या कोकणीचे, व्याकरणही पोर्तुगीजमध्ये लिहिले होते, आणि ते त्यांच्या निधनानंतर एकवीस वर्षांनी, १६४० मध्ये, सासष्टीतल्या राशोल इथे छापले गेले. त्याच्या मुखपृष्ठावर लिहिले आहे की हे स्टीफन्स यांनी रचले, दियोगु रिबेरु यांनी त्यात भर घातली, आणि त्यांच्याच जेझुइट संघाच्या आणखी चार पाद्रींनी ते नव्याने तपासून दुरुस्त केले. भाषेचे व्याकरण म्हणजे नवख्यासाठी लिहिलेले माहितीपानच, आणि ते वापरणारेही नवखेच, जहाजातून उतरलेले. मला त्या चौघांविषयी कुतूहल आहे. मुखपृष्ठावर त्यांची संख्या आहे, नावे नाहीत. त्यांतल्या एखाद्याने बाजारात काही मागितले असेल, व्याकरणात सांगितल्याप्रमाणे क्रियापद चालवले असेल, समोरची बाई हसली असेल, आणि घरी येऊन त्याने ती ओळ खोडली असेल, असे मी आपले समजतो. ‘ब्लेम’ चालवता आले असते तर कोणती ओळ कोणाची ते कळले असते.

आपल्या कामातली खोट आपणच लिहून ठेवण्याची चाल या क्षेत्रात पहिल्यापासून आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स या संगणक-प्रणालीची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. तिच्यात प्रत्येक आज्ञेच्या पानावर ‘बग्ज’ असा एक मथळा असे, म्हणजे या आज्ञेत काय बिघडलेले आहे ते, आणि ‘ओनर’ असाही, म्हणजे कोणाकडे जायचे ते. मिक्सरच्या किंवा इन्व्हर्टरच्या डब्यातल्या पुस्तिकेत ‘यातले दोष’ असे प्रकरण असल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

मुलांना मी हे सगळे सांगतो, आणि काही मुले लगेच पॅच पाठवायला धावतात, पण त्यांना काही नडलेले नसते. २०२० च्या ऑक्टोबरात जगभर जे झाले ते अनेकांना आठवत असेल: चार पॅचच्या बदल्यात टी-शर्ट अशी एक मोहीम होती, आणि शेकडो प्रकल्पांच्या माहितीपानांवर ‘छान प्रकल्प’, ‘अप्रतिम’ असली विशेषणे चिकटवणाऱ्या पॅचचा असा पूर आला की आयोजकांना महिना संपण्यापूर्वी नियम बदलावे लागले. त्या पॅचमध्ये वाईट हेतू फारसा नव्हता. त्यांत कोणी अडलेले नव्हते इतकेच. आमच्या एका मुलाने मला विचारले होते की सर, कोणत्या पानावर चूक आहे ते सांगा, मी सुधारतो. त्याला मी सांगितले की तू आधी काहीतरी बसवायचा प्रयत्न कर आणि अडकून ये. तो जरा रागावून गेला. महिन्याने आला तेव्हा मात्र त्याच्या वहीत दीड पान होते.

मराठीच्या बाबतीत मला नडलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एका प्रकल्पाच्या टंकलेखनाच्या मदतपानावर देवनागरीतल्या रफाराची माहिती होती, पण मराठीतल्या अर्ध्या ‘र’ची, म्हणजे ‘दऱ्या’मधल्या आडव्या मिशीसारख्या ‘र’ची, नव्हती. मी लिहिले की इनस्क्रिप्टच्या कळपाटावर साध्या ‘र’ऐवजी शिफ्टसह ‘जे’ (J) ही कळ दाबून नुक्त्याचा ‘ऱ’ घ्यावा, मग हलन्त, मग ‘य’. तपासणाऱ्या बाईंना मराठी येत नव्हते. त्यांनी विचारले की दोन्ही तऱ्हांनी ‘र’ आणि ‘य’च जोडले जातात, मग हा फरक केवळ वळणाचा आहे काय, आणि असल्यास तो फॉन्टवर का सोडू नये? प्रश्न ऐकून मला प्रथम हसू आले. पण ‘अर्थात फरक आहे’ हे उत्तर होत नाही. मग मी उदाहरण लिहिले: ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, गोव्यात पश्चिमेला पहिला आहे आणि पूर्वेला, सह्याद्रीच्या अंगाला, दुसऱ्या आहेत, आणि कोणी टंकलेखनात गफलत केली तर वाचणारा भलत्याच दिशेला जाईल. त्याखाली ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हेही घातले, म्हणजे गुरुजींना आणि स्वयंपाक्यांना. त्या बाईंनी दोन्ही उदाहरणे ठेवली. त्यांना मराठी येत असते तर त्यांनी विचारले नसते, आणि मी ती लिहिली नसती.

प्रती गेल्या त्या वर्षापासून प्रयोगशाळेच्या दाराशी सुतळीने बांधलेली एक वही आहे, तिच्यावर ‘अडले ते’ असे लिहिले आहे. जिथे अडले तिथल्या सूचनेतले शब्द जसेच्या तसे लिहायचे, आणि त्याच दिवशी लिहायचे, उद्यावर टाकायचे नाही, एवढा एकच नियम. गेल्या पावसाळ्यात अकरावीला नव्याने आलेल्या एका मुलीने तास संपल्यावर आपली रांग बंद करण्यासाठी स्विच दाबला, आणि दुसऱ्या रांगेतली सहा यंत्रे, मुले काम करत असताना, पटकन काळी झाली. मी तिच्यावर ओरडलो. दुपारी वही पाहिली तर तिने लिहिले होते: ‘तक्त्यावर लिहिले आहे, पहिल्या रांगेचा स्विच खिडकीजवळचा. खिडकीजवळचा स्विच दुसऱ्या रांगेचा आहे.’

वायरिंग दोन वर्षांपूर्वी बदलले होते. तेव्हापासून मी रोज न पाहता दाराजवळचा स्विच दाबत होतो, जुनी मुलेही तसेच करत होती, आणि तो तक्ता मी ‘फक्त’ काढण्यासाठी तीनदा वाचून, संपूर्ण नव्याने, ‘खिडकीजवळचा’सकट लिहून काढला होता.

मी तिला बोलावले, चुकलो असे सांगितले आणि लाल पेन दिले. तिने ‘खिडकीजवळचा’ खोडून वर ‘दाराजवळचा’ लिहिले. मी म्हटले, खाली कारणही लिही. “सर, एका शब्दाला कारण कशाला?” असे म्हणत तिने तक्त्याच्या कोपऱ्यात जागा शोधली आणि बारीक अक्षरांत लिहिले: ‘वायरिंग बदलले, तक्ता बदलला नव्हता. मी दुसरी रांग बंद केली.’ त्याखाली तारीख घातली, आणि न सांगता आपले पूर्ण नाव.